कसब काढलं, उरला स्वभाव

अमेरिकेत सोळा वर्षांची मुलगी शाळा सुटल्यानंतरच्या कामासाठी बर्गरच्या दुकानात मुलाखतीला निघाली, की घरचे आणि शाळेतले समुपदेशक तिला देतात ते सल्ले ठरलेले असतात. दहा मिनिटं आधी पोच. कपडे साधे पण इस्त्रीचे घाल. नखं काप, केस बांध. फोन बंद ठेव. मान खाली घालून बोलू नकोस, हसतमुख राहा. आठवड्यातल्या कुठल्या वारी किती वाजल्यापासून मोकळी आहेस ते कागदावर लिहून ने. या सगळ्यात स्वयंपाकाचा विषय कुठेच निघत नाही. कांदा चिरता येतो का, तव्यावरचा पदार्थ कधी उलटायचा ते कळतं का, असलं काही तिला कुणी विचारणार नसतं, आणि ते येत नसलं तरी काही बिघडणार नसतं. रांधून खाऊ घालण्याच्या धंद्यात शिरताना रांधण्याबद्दल एकही प्रश्न नाही, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण ही मुलाखत दिसते तितकी जुनी आणि स्वाभाविक नाही. स्वयंपाकघरातून कसब मुद्दाम काढून टाकलं गेलं, आणि त्याच सुमारास शाळेने मुलांच्या दिवसाचे दोन तुकडे केले. या दोन गोष्टी विसाव्या शतकाच्या मध्यावर एकमेकींना भेटल्या, तेव्हा या मुलाखतीचा आजचा घाट तयार झाला.

यावर इतिहास जाणणारा वाचक लगेच हरकत घेईल, की अमेरिकेत वाढप्यांच्या मुलाखती तर एकोणिसाव्या शतकातही होत होत्या. खरं आहे. सांता फे रेल्वेच्या स्टेशनांवर फ्रेड हार्वेच्या कंपनीची उपाहारगृहं होती, आणि १८८३ पासून तिथे वाढायला तरुण मुली ठेवायला सुरुवात झाली. वर्तमानपत्रांत जाहिराती यायच्या: वय अठरा ते तीस, चारित्र्य चांगलं, दिसायला नीटस, हुशार. मुली पूर्वेकडच्या गावांतून यायच्या, मुलाखत द्यायच्या आणि निवड झाली की न्यू मेक्सिको किंवा ॲरिझोनातल्या कुठल्याशा रखरखीत स्टेशनावर रवाना व्हायच्या. पण त्या मुलाखतीत तपासलं काय जायचं ते बघितलं पाहिजे. मुलगी कंपनीच्या वसतिगृहात राहणार, तिथे देखरेखीला बाई असणार, रात्री ठरल्या वेळेला दार बंद होणार, कराराची मुदत संपेपर्यंत लग्न करायचं नाही. म्हणजे कंपनी एका अर्थी तिची पालक होणार होती, आणि पालकत्व घेण्याआधी घराणं आणि चालचलन पाहून घेत होती. शाळा, संध्याकाळचे चार तास, शनिवार-रविवार असला काही हिशेब त्यात नव्हता. ती पूर्ण वेळची, घर सोडून करायची नोकरी होती. आजच्या मुलाखतीचं नातं तिच्याशी जोडता येईल, पण ते दूरच्या आत्याचं नातं.

जवळचं नातं मोटारीपाशी सापडतं. १९२१ मध्ये टेक्सासमधल्या डॅलसजवळ पिग स्टँड नावाचं दुकान निघालं. गिऱ्हाइकाने मोटारीतून उतरायचंच नाही, पोऱ्याने धावत जाऊन खिडकीशी ऑर्डर घ्यायची आणि खाणं तिथेच आणून द्यायचं. सुरुवातीला ही कामं मुलंच करायची. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अशी ड्राइव्ह-इन दुकानं देशभर पसरली आणि पोरांच्या जागी मुली आल्या, तोकड्या गणवेशातल्या. ह्यूस्टनच्या एका ड्राइव्ह-इनमधली अशीच एक मुलगी १९४० मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. या मुलींची मिळकत बऱ्याच ठिकाणी मुख्यतः टिपांवर चालायची, त्यामुळे निवडीचा निकष कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. आत भट्टीपाशी मात्र अजूनही कसबी माणूस होता, हाताला सवय असलेला आणि मालकाला दमात घेणारा, कारण तो सोडून गेला तर दुकान बसायचं. बाहेर रूप आणि आत कसब अशी ही वाटणी होती. शाळकरी पोराला आत जागा नव्हती, आणि बाहेरची जागा कुठल्याही आईबापाला आवडेल अशी नव्हती.

कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोला रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनल्ड या भावांचं असंच एक ड्राइव्ह-इन १९४० पासून जोरात चाललं होतं. वीसएक मुली मोटारींपाशी धावायच्या, यादीत पंचवीसएक पदार्थ होते, पैसा बरा सुटत होता. तरीही १९४८ च्या उत्तरार्धात त्यांनी दुकान बंद केलं, सगळ्या मुलींना काढून टाकलं आणि तीनेक महिन्यांनी, डिसेंबरात, निराळंच दुकान उघडलं. आता पदार्थ नऊ उरले. काचेच्या-चिनीमातीच्या बश्या आणि काटे-चमचे गेले, कागद आला. तीस सेंटचा हॅम्बर्गर पंधराला झाला. गिऱ्हाइकाने स्वतः खिडकीपाशी यायचं. आणि आतल्या एका आचाऱ्याच्या कामाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या हातांत दिले गेले: एकाने फक्त मांसाच्या चकत्या भाजायच्या, एकाने फक्त बटाटे तळायचे, एकाने मिल्कशेक करायचे, एकाने पावावर मसाला घालून बांधायचं, एकाने खिडकी सांभाळायची. गावातल्या एका यंत्र-कारागिराकडून त्यांनी केचप-मोहरीची पिचकारी करून घेतली. खटका एकदा दाबला की पावावर नेमका तेवढाच ठिपका पडायचा. गोल फिरणाऱ्या थाळ्यावर दोन डझन पाव मांडायचे, थाळा फिरवत पिचकारी दाबत जायची. मसाला किती घालायचा हे जे पूर्वी आचाऱ्याच्या बोटांना माहीत होतं, ते आता पिचकारीला माहीत झालं.

पुढे नव्या इमारतीचं स्वयंपाकघर आखायची वेळ आली, तेव्हा या भावांनी घरच्या टेनिस कोर्टावर लाल खडूने ओटे, भट्ट्या, तळणीच्या जागा रेखल्या. रात्री दुकान बंद झाल्यावर नोकरांना तिथे आणून हातात काही नसताना काम केल्यासारखं फिरायला लावलं आणि कोण कुणाला अडतंय ते पाहून रेघा हलवल्या. काम फत्ते झालं आणि रात्रीत पाऊस पडून सगळं धुऊन गेलं, पुन्हा आखावं लागलं. गंमत म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, पण मला तिच्यातलं निराळंच काही महत्त्वाचं वाटतं. त्या रात्री पदार्थ नव्हता, आच नव्हती, चव तर नव्हतीच. फक्त माणसांच्या हालचाली होत्या. हालचाल ठरवून दिली की ती करणारा माणूस बदलला तरी चालतो, हे तिथे सिद्ध होत होतं. रे क्रॉकने १९५५ मध्ये इलिनॉयमधल्या डेस प्लेन्सला आपलं पहिलं मॅकडोनल्डचं दुकान काढून याच पद्धतीची साखळी उभी केली. त्याच्या कंपनीतल्या फ्रेड टर्नरने १९५८ मध्ये पंचाहत्तर पानांची कार्यपुस्तिका लिहिली आणि बटाट्याची फोड किती जाड असावी इथपासून सगळं कागदावर आलं. ज्याला कधी चहाही करता आला नाही, असा सतरा वर्षांचा मुलगा आता आठवड्याभरात उपयोगी पडू लागला.

मुलगा म्हणतोय ते जाणूनबुजून. क्रॉकच्या दुकानांत १९६८ पर्यंत बायकांना काम मिळत नव्हतं. ड्राइव्ह-इनच्या मुलींभोवती टोळकी जमतात आणि मग मुलाबाळांची कुटुंबं फिरकत नाहीत, असं त्याचं गणित होतं. त्याच कारणासाठी जूकबॉक्स, सिगारेटचं यंत्र आणि सार्वजनिक टेलिफोनही वर्ज्य होते. म्हणजे रूपाचा निकष या धंद्याने स्वतःहून मोडीत काढला आणि कसबाचा निकष आधीच मोडलेला होता. निवड कशावर करायची, हा प्रश्न मग खरोखरच उघडा पडला.

त्याच्या उत्तराचा अर्धा भाग शाळेतून आला. १९४० च्या सुमारास अमेरिकेत निम्मी मुलं हायस्कूल पूर्ण करू लागली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे प्रमाण दहातल्या एकापेक्षाही कमी होतं. महामंदीच्या काळात मोठ्यांनाच काम नव्हतं, त्यामुळे पोरांना कारखान्यांतून बाहेर काढून शाळेत बसवणं सगळ्यांच्याच सोयीचं झालं. १९३८ च्या संघीय कामगार कायद्याने त्यावर शिक्का मारला, आणि १९६६ च्या दुरुस्तीने किमान वेतनाचा कायदा उपाहारगृहांपर्यंत आणला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी तीन तास, शाळेच्या आठवड्यात अठरा तास, सकाळी सातच्या आधी नाही, संध्याकाळी सातनंतर नाही, उन्हाळ्यात फार तर नऊ, असे नियम आजही लागू आहेत. त्यांना उघड्या ज्वाळेवर काही शिजवता येत नाही, आणि तळणीची जाळी तेलातून आपोआप वर उचलली जाणारी असेल तरच तळता येतं. मांस कापायच्या यंत्राला अठरा वर्षांखालच्या कुणी हात लावायचा नाही. बऱ्याच राज्यांत शाळेकडून कामाचा परवाना आणावा लागतो. आता मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरच्या जागी बसून बघा. समोरच्या मुलाचं वय किती, तो कुठल्या वारी किती वाजता येऊ शकतो, परीक्षा कधी, खेळाचा सराव कधी, त्याला आणून कोण सोडणार, हे कळल्याशिवाय वेळापत्रकाचा एक चौकोनही भरता येत नाही. मुलाखतीचा गाभा तोच. बाकीचं बरंचसं शिष्टाचार.

उरलेला भाग खिडकीपाशी ठरला. समाजशास्त्रज्ञ रॉबिन लीडनर यांनी मॅकडोनल्डमध्ये स्वतः काम करून १९९३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. खिडकीवरच्या सेवेच्या सहा पायऱ्या त्यांनी त्यात दिल्या आहेत: गिऱ्हाइकाचं स्वागत, ऑर्डर घेणं, जिन्नस गोळा करणं, ते पुढे ठेवणं, पैसे घेणं, आभार मानून पुन्हा यायला सांगणं. मधल्या चार पायऱ्या यंत्र, बटणं आणि पुस्तिका सांभाळून घेतात. पहिली आणि शेवटची मात्र माणसालाच चढावी लागते, आणि रोज शेकडो वेळा, त्याच सुरात. त्याआधी दहा वर्षं आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातल्या परिचारिकांबद्दल हेच दाखवलं होतं, की पगार ज्याचा मिळतो त्यात चेहऱ्यावरचा भावही मोजलेला असतो. मुलाखतीत ‘हसतमुख राहा’ असं सांगितलं जातं ते म्हणून. ती दहा मिनिटं म्हणजे पहिल्या आणि सहाव्या पायरीची तालीम असते. त्यात १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, धर्म, लिंग यांवरून निवड करायला बंदी आणली आणि १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामाशी संबंध नसलेल्या चाचण्यांनाही चाप लावला. घराणं विचारणं अवघड झालं, कामाशी संबंध नसलेली लेखी परीक्षा घेणंही. ‘वागणं-बोलणं’ हा निकष तेवढा सुटला, कारण त्याला कुठल्याच तागडीत टाकता येत नाही.

इथे दुसरी हरकत येते, आणि ती पहिलीपेक्षा भारी आहे. हे काम बिनकसबी आहे असं म्हणणं हा ते करणाऱ्यांचा अपमान आहे, असं मानववंशशास्त्रज्ञ कॅथरीन न्यूमन यांचं म्हणणं. १९९० च्या दशकात त्यांनी हार्लेममधल्या बर्गरच्या दुकानांत काम करणाऱ्या तरुणांचा अभ्यास केला, आणि त्यांना गर्दीच्या वेळची चपळाई, हिशेबाची स्मृती, चिडलेल्या माणसाला शांत करण्याची हातोटी, तीन भाषांतून वाट काढण्याचं शहाणपण असं पुष्कळ काही दिसलं. शुक्रवारी संध्याकाळी अशा दुकानाच्या रांगेत जो उभा राहिला असेल त्याला ते नाकारता येणार नाही. पण त्यातलं कुठलंही कसब मुलगा घरून घेऊन येत नाही. ते तिथे उभं राहून येतं, आणि मुलाखतीच्या खुर्चीत दिसतही नाही. मुलाखत कसब तपासत नाही म्हणजे कामात कसब नाही, असा अर्थ काढू नये. धंद्याने मात्र तो अर्थ काढून पगार ठरवला. १९७२ मध्ये विद्यार्थी-वयाच्या कामगारांना किमान वेतनाहून कमी द्यायची मुभा मागणारा प्रस्ताव अमेरिकी काँग्रेसपुढे आला, तेव्हा लोक त्याला मॅकडोनल्डचंच बिल म्हणू लागले. तो मंजूर झाला नाही.

न्यूमन यांच्याच अभ्यासातून तिसरी हरकतही निघते. हार्लेममध्ये एका जागेला चौदा अर्ज येत होते. नाकारलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश जणांना वर्षभरानंतरही काम मिळालेलं नव्हतं. आणि ज्यांना मिळालं, त्यांच्यापैकी पुष्कळांचं कुणीतरी आधीपासून आत होतं, बहीण, शेजारी, चुलतभाऊ. तर मग मुलाखतीची तयारी ही निव्वळ धूळफेक नाही का? ही हरकत मी बऱ्याच अंशी मान्य करतो. आतल्या माणसाने ‘हा येईल, वेळेवर येईल’ असं सांगितलं की मॅनेजरचं अर्धं काम झालेलं असतं. पण ओळख ज्या गोष्टीची हमी देते, तीच गोष्ट मुलाखत चाचपडून शोधत असते. ओळखीच्या माणसानेही पोराला तळता येतं असं सांगितलेलं नसतं. जिथे ओळख कामी येत नाही तिथे इस्त्रीचे कपडे आणि दहा मिनिटं आधी पोचणं, एवढंच भांडवल उरतं. ते तुटपुंजं आहे, आणि ज्या वस्तीत सगळ्यात गरज असते तिथे सगळ्यात कमी चालतं.

ओळखीचं राज्य निर्भेळ कसं चालतं, ते आपल्याकडे मुंबईत दिसतं. उडुपी हॉटेलांत दक्षिण कन्नड जिल्ह्यातून पोरं यायची ती गावच्या, नात्यातल्या माणसाचं बोट धरून. मुलाखत होत नसे, कारण विचारण्यासारखं काही नव्हतं. बाप कोण, घर कुठलं, हे गल्ल्यावर बसलेल्या मालकाला आधीच ठाऊक असायचं. पोऱ्या टेबलं पुसण्यापासून सुरुवात करायचा, रात्री दुकानातच पथारी टाकायचा, आणि ज्याच्यात धमक असेल तो फोर्टातल्या एखाद्या कन्नड रात्रशाळेत जाऊन बसायचा. अमेरिकेतला मुलगा शाळेतून उरलेल्या वेळात काम करायचा, आपल्याकडचा कामातून उरलेल्या वेळात शाळा. हा क्रम उलटा असल्यामुळे अर्धवेळ नोकरी ही कल्पनाच इथे रुजायला जागा नव्हती. ऑक्टोबर १९९६ मध्ये मॅकडोनल्ड दिल्ली-मुंबईत आलं, तेव्हा काउंटरमागे कॉलेजातली मुलं उभी राहिली. तशीच मुलं दोन गल्ल्या पलीकडच्या हॉटेलात बश्या विसळताना कुणी पाहिली नसती. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलांत आणि ढाब्यांवर ठेवायला बंदी आली ती त्यानंतर दहा वर्षांनी, १० ऑक्टोबर २००६ पासून. म्हणून हॉटेलातलं काम म्हटलं की मराठी मध्यमवर्गाच्या डोळ्यांसमोर आजही शाळा सुटलेला पोऱ्या येतो, शाळेत जाणारी मुलगी येत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी आईबाबांनी आयुष्यातली पहिली मुलाखत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी कॅम्पसमध्ये दिली, ते मुलीला त्याच साच्यात तयार करायला बसतात: पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहतेस, तुझा दोष कोणता. समोरच्या मॅनेजरला यातलं फारसं काही नको असतं. गुरुवारी जमेल का, ते हवं असतं.

या सगळ्यावर मुळातच आक्षेप घेणारेही आहेत. एलन ग्रीनबर्गर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी १९८६ मध्ये ‘व्हेन टीनएजर्स वर्क’ या पुस्तकात दाखवलं, की शाळा चालू असताना आठवड्याला वीस तासांहून जास्त काम करणाऱ्या मुलांचं अभ्यासात नुकसान होतं, आणि अशा कामातून जबाबदारी शिकायला मिळते हा समज फुगवलेला आहे. पुढे आकडेही उतरत गेले. १९७९ मध्ये सोळा ते एकोणीस वयाच्या सुमारे ५८ टक्के मुलामुलींचा कामाच्या बाजारात सहभाग होता, २०१० नंतर तो ३५ टक्क्यांच्या आसपास आला. त्यांच्या जागी मोठी माणसं उभी राहिली. एप्रिल २०११ मध्ये मॅकडोनल्डने एका दिवसाची देशव्यापी भरती जाहीर केली, तर दहा लाखांच्या घरात अर्ज आले आणि ६२ हजार जण घेतले गेले. अशा गर्दीत पंधरा वर्षांचं पोर आणि तीन मुलांची आई एकाच खुर्चीसाठी येतात, आणि ‘केव्हाही येऊ शकते’ असं म्हणू शकणारी व्यक्ती जिंकते. अलीकडे बऱ्याच ठिकाणी अर्जदाराशी पहिलं बोलणं फोनवरचा यांत्रिक संवादकच करून घेतो. तो हसण्याची दखल घेऊ शकत नाही. वय आणि वेळ मात्र विचारतो, आणि माझ्या मते या मुलाखतीत मोलाचं काय होतं त्याची त्याहून स्पष्ट कबुली मिळणं अवघड आहे.

वेळेवरूनच सध्याची झटापट चालू आहे. २०२३ मध्ये आयोवा राज्याने चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवसांतही रात्री नऊपर्यंत काम करायची मोकळीक दिली, संघीय नियम सातचा असताना. त्याच वर्षी मॅकडोनल्डची दुकानं चालवणाऱ्या केंटकीतल्या तीन फ्रँचायझी कंपन्यांना संघीय कामगार खात्याने दोन लाखांहून अधिक डॉलरचा दंड केला. तीनशेवर अल्पवयीन मुलं नियमाबाहेर राबत होती, आणि त्यांतली दोन दहा वर्षांची होती. दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०१७ पासून फास्ट फूडच्या मालकाला नव्या माणसाला तासांचा लेखी अंदाज द्यावा लागतो, वेळापत्रक चौदा दिवस आधी लावावं लागतं, आणि ऐनवेळी बदललं तर जादा पैसे मोजावे लागतात. तेव्हा तयारी करायचीच असेल, तर शेवटी मॅनेजर ‘तुला काही विचारायचंय का’ असं म्हणतो त्या जागेची करावी. आठवड्याचं वेळापत्रक किती दिवस आधी लागतं आणि कोण बदलू शकतं, हे तिथे विचारता येतं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत या प्रश्नाचं उत्तर अजून कायद्यात नाही. ते त्या-त्या दुकानातच मिळतं.